नऊ जन्मांचे वैर आणि रविवारचा खेळ

परळच्या आमच्या घरी गेली चार वर्षे दर रविवारी दुपारी एकच कथा पुढे सरकते आहे. नात्यातील व शेजारची पाच मुले, कागदावर काढलेला नकाशा, वीस बाजूंचा फासा आणि सूत्रधार मी. या प्रकारचा आद्य खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपले पात्र काय करील ते खेळाडू ठरवतो, आणि शंका असेल तेथे फासा कौल देतो. येथे शेवटी कोणी जिंकत नाही, म्हणूनच कथा वर्षानुवर्षे चालू शकते. सूर्यास्तापूर्वी वहिनी पाने वाढतात, तेव्हा ती जेथे असेल तेथे थांबते.

हे परदेशी वाटले, तरी परळला फारसे अपरिचित नाही. कोकणातून गिरण्यांत आलेल्या कामगारांनी येथे दशावतार जागवला. दामोदर नाट्यगृहात त्याचे प्रयोग होत. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले, संवाद मात्र नट रंगमंचावर उत्स्फूर्त रचतो. आमच्याकडे आख्यानही पुरते ठरलेले नसते, एवढेच.

दीर्घ कथा चालवताना कठीण असते ते स्मरण. राक्षस आणि खजिने पुस्तकांतून उसने मिळतात. पण पहिल्या महिन्यात गमतीने उच्चारलेले वाक्य तिसऱ्या वर्षी कोणाला भोवेल, हे सूत्रधारालाच ध्यानात ठेवावे लागते. हे मी हरिभद्रसूरींच्या आठव्या शतकातील ‘समराइच्चकहा’वरून शिकलो. राजपुत्र गुणसेन कुरूप अग्निशर्म्याची थट्टा करतो. पुढे अग्निशर्मा तापस होतो, गुणसेन राजा. राजा त्याला आदराने पारण्यास बोलावतो आणि तीनदा, काही ना काही कारणाने, ते पारणे चुकते. अग्निशर्मा वैराचे निदान बांधतो. ते नऊ जन्म चालते.

आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी एका नावाड्याच्या तोतरेपणाची नक्कल केली होती. मी ती वहीत टिपली. तिसऱ्या वर्षी तोच नावाडी सेनापती होऊन त्यांच्या नगरीवर चालून आला. वेढा, पूल, अंतिम युद्ध अशी माझी दोन महिन्यांची तयारी होती. तो निःशस्त्र हाती लागला, तेव्हा सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, “काका, माझे पात्र तलवार खाली ठेवते आणि त्याची क्षमा मागते.”

बाकीचे संतापले. “आणि माझा माणूस मेला, त्याचे काय?” एकाने विचारले. दोन वर्षे जीव लावून सांभाळलेले त्याचे पात्र त्याच वेढ्यात पडले होते. फासा टाकून निकाल लावण्याची मुभा नियमांत आहे. मी तो टाकू दिला नाही. क्षमा मागणे तिच्या हाती होते, देणे सेनापतीच्या, म्हणजे माझ्या. मी विचाराला एक आठवडा मागून घेतला.

पुढच्या रविवारी सेनापतीने सैन्य मागे घेतले, क्षमा मात्र केली नाही. तो मुलगा दोन आठवडे आला नाही. तिसऱ्या आठवड्यात आला तो नवे पात्र घेऊन: मृताचा धाकटा भाऊ. वहीत त्या नावापुढची ओळ अजून कोरी आहे.