समोर बसलेल्यांची जात

बैठकीची लावणी कागदावर उतरत नाही, हे माझं जुनं दुखणं. चाल लिहिता येते, तबला-ढोलकीचे बोल लिहिता येतात. पण एकच ओळ बाई दहा वेळा घोळवते, आणि दर वेळची अदा समोर कोण बसलंय त्यावर ठरते. बागायतदार, फौजदार, की वही उघडून बसलेली मी? माझ्याकडे वळली की अदा सोज्वळ होते. मी नसताना ती कशी असते, हे मला कोण सांगणार?

यंदा माझ्याकडे पीएच.डी.ला आलेली मुलगी जामखेडची, बैठकीची लावणी सादर करणाऱ्या संगीतबारीच्या घरातली. तिच्या पहिल्या टिपणात नाचणारीबद्दल अक्षर नव्हतं. पुढच्या खुर्चीत कोण, दौलतजादा म्हणजे पैशांची उधळण कोणी केली, कोणाला पाहून मालकिणीने पेटीवाल्याला खुणावलं, एवढंच. म्हणाली, "मॅडम, बाईची जात सगळेच लिहितात. बघणाऱ्यांची कुठंय?"

समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं, की लावणीतली शृंगारिक बाई वरच्या जातींच्या सत्तेने घडवली. मूळच्या पोहेगावच्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२च्या पुस्तकात तमाशातल्या दलित बायकांच्या माणुसकीचा झगडा मांडला. तरी आमच्या वह्या अजून रंगमंचाकडेच तोंड करून.

संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची तमाशातली नर्तकी पवळा घ्या. तिच्या जोडीचे शाहीर पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून ते फडात आले, हा त्यांचा त्याग ठरला. पवळा महार होती, ती तिची ओळख ठरली. त्या दोघांना बघायला लोटलेली गर्दी मात्र बिनजातीची!

परिसंवादांत 'देहाचं राजकारण' म्हणत फिरणाऱ्यांनी एक रात्र तरी संगीतबारीच्या थिएटरात काढावी.

आणि मी? मालकीण मला पुढची खुर्ची देते, "मॅडमना कळतं" म्हणते. ते ऐकायला मला फार आवडतं. त्या खुर्चीसाठी मी रात्र-रात्र जागले आहे, आणि पोरगी मागे बाकावर बसते याचा थोडा रागही येतो.

पण तिचं टिपण माझ्यापेक्षा सरस आहे. लावणीवर लिहिणाऱ्याने आधी आपण कोणत्या खुर्चीत बसलो होतो आणि ती आपल्याला का मिळाली, ते लिहावं. नाचणारीबद्दल त्यानंतर.