कार्डांचा बाजार

गेल्या वर्षीं अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील एडिसन गांवीं चिरंजीवांकडे आमचें सहा महिने वास्तव्य झालें. एके रविवारीं आमचा बारा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, कार्डांच्या बाजाराला येतां का?" कार्डें म्हणजे पत्ते आणि पत्ते म्हणजे जुगार, या समजुतीनें आमच्या कपाळास आठी पडली, परंतु तीं खेळण्याचीं नसून खेळाडूंचीं निघालीं.

एका हॉटेलाच्या दालनांत लांबच लांब मेजें मांडलेलीं होतीं. अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच अशीं तीं कार्डें. एका अंगास बेसबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्याचें चित्र, दुसऱ्या अंगास त्याच्या पराक्रमाचे आंकडे. मौल्यवान कार्डें पारदर्शक डबींत मोहोरबंद केलेलीं असतात. परीक्षक संस्था कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र बरोबर मध्यावर आहे कीं नाहीं हें तपासून दहांपैकीं गुण देतात, आणि एका गुणाच्या फरकानें किंमत कोठल्या कोठें जाते! उभा जन्म पेपर तपासण्यांत घालविलेल्या आम्हांस या परीक्षेचें मोठें कौतुक वाटलें.

नातू फोनवर अलीकडील विक्रीचे भाव पाहून घासाघीस करीत होता. विकावयास गेल्यास दुकानदार आपला नफा वजा करूनच देणार, हेंही त्यानें आम्हांस समजावून सांगितलें. मग एका सात-आठ वर्षांच्या मुलाशीं त्यानें अदलाबदल केली: दोन चकचकीत कार्डें देऊन एक साधें दिसणारें घेतलें. गाडींत बसतांच तो हर्षानें म्हणाला, "आजोबा, हें त्या दोहोंच्या दसपट किंमतीचें आहे!"

आम्ही इतकेंच विचारलें, "त्या मुलास हें ठाऊक होतें का?"

तो खिडकीबाहेर पाहूं लागला.

पुढील आठवड्यांत आम्ही उभयतां न्यू यॉर्कचें मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय पाहण्यास गेलों. तेथें जेफरसन बर्डिक या गृहस्थानें दिलेलीं तीन लाखांहून अधिक छापील कार्डें आहेत. पैकीं सुमारें तीस हजार बेसबॉलचीं. त्यांतील थोडीं आळीपाळीनें प्रदर्शनांत मांडतात. बर्डिक हा धनिक नव्हे. सिरॅक्यूज शहरांतील एका कारखान्यांतला नोकर. संधिवातानें बोटें वांकडीं झालीं असतांही त्यानें 1947 पासून हा संग्रह संग्रहालयास देण्यास आरंभ केला, स्वतः कार्डें वह्यांत चिकटविलीं, आणि जानेवारी 1963 मध्यें काम संपवून मार्चमध्यें देह ठेवला. गोंद लागलेल्या कार्डाची बाजारांत किंमत उतरते. पण त्यास तीं बाजारांत न्यावयाचींच नव्हतीं.

अमरकोशांत जसे शब्दांचे वर्ग, तसे त्यानें कार्डांचे वर्ग पाडले. त्याच्या खुणांवरूनच 1909 ते 1911 या काळांत सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या एका मालिकेस आजही 'टी 206' म्हणतात. तींतील पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचें कार्ड त्याच्याच हरकतीमुळें छापण्याचें थांबलें. मुलांनीं त्यापायीं तंबाखू घेऊं नये म्हणून, असें कोणी म्हणतात. मोबदल्यासाठीं, असें कोणी. आज जेमतेम साठ प्रती ज्ञात आहेत, आणि 2022 मध्यें त्यांतील एक साडेबहात्तर लाख डॉलरांस विकली गेली.

हा आंकडा ऐकून नातवाचे डोळे विस्फारले. आम्ही त्यास म्हटलें, "बाळ, बर्डिकनें 1939 मध्यें प्रसिद्ध केलेल्या सूचींत भावही दिले. त्याचा एक लाभ असा कीं, घेणाऱ्यास जें ठाऊक तें देणाऱ्यासही कळावें. दोघांस भाव ठाऊक असतां झाला तो व्यवहार. एकासच ठाऊक असतां झालें त्यास काय म्हणावें, तें तूंच ठरव."

तो कांहीं बोलला नाहीं. पुढच्या महिन्याच्या बाजारीं मात्र त्यानें प्रथम तीं सारीं मेजें पालथीं घातलीं. तो लहान मुलगा आला नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यांतही आला नाहीं. आम्ही पुण्यास परतलों त्या दिवशीं तें कार्ड नातवाच्या वहींत नव्हतें. एका निराळ्या लिफाफ्यांत घालून, वर 'परत देणें' असें वांकड्यातिकड्या मराठींत लिहून, त्यानें तें मेजाच्या खणांत ठेविलें होतें.