धोरणी बाई आणि गांवचें धोरण

मराठी भाषेंत एखाद्या गृहिणीची थोरवी सांगावयाची झाल्यास 'बाई मोठी धोरणी' असें म्हणण्याची चाल आहे. चार महिन्यांची बेगमी, लग्नकार्याचा खर्च, आल्यागेल्याचें आतिथ्य, आणि हें सर्व संभाळून अडीअडचणीस कांहीं मागें टाकणें, इतकें सारें त्या एका शब्दांत येतें. तोच शब्द पुढें सरकारनें आपल्या दप्तरीं योजिला. पाण्याचें धोरण, शिक्षणाचें धोरण, आरोग्याचें धोरण! मात्र शब्द दप्तरांत गेला, तेव्हां त्या शब्दाची मूळची स्वामिनी तेथवर कितपत पोंचली, हा विचार वाचकांपुढें ठेवण्याची आम्हांस इच्छा आहे.

आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें मंडळी आम्हांस शास्त्राधार विचारतात. स्त्रियांनीं सभेंत जाऊं नये म्हणणाऱ्यांस मैत्रायणी संहितेंत आधार मिळतो. सभेस पुरुष जातात, स्त्रिया जात नाहींत, असें तेथें म्हटलेंच आहे. तें आम्ही लपवीत नाहीं. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील विवाहसूक्तांत नववधूनें घराची स्वामिनी होऊन विदथांत बोलावें, असा आशीर्वाद आहे. आणि बृहदारण्यकांत जनकाच्या सभेंत गार्गी याज्ञवल्क्यास प्रश्न विचारते. दोन्ही वचनें आपलींच. तेव्हां निवड शास्त्र करीत नाहीं, ती आपणच करीत असतों.

हा प्रश्न कालपरवांचा नव्हे. १९३८ सालीं नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीनें नियोजित अर्थव्यवस्थेंतील स्त्रीचें स्थान पाहण्यासाठीं एक उपसमिती केली. तिच्या अध्यक्षा राणी लक्ष्मीबाई राजवाडे होत्या. घरांतील बिनवेतनी श्रमांसही आर्थिक मोल आहे, हें त्या उपसमितीनें मांडलें, आणि तिचा अहवाल १९४७ मध्यें छापून निघाला. पुढें पंचवार्षिक योजना आल्या. त्यांत स्त्रीची गणना बहुधा कल्याणाच्या सदराखालीं, म्हणजे घेणाऱ्यांच्या पंक्तींत झाली, वाढणाऱ्यांच्या नव्हे. विकासाचा लाभ स्त्रियांच्या पदरीं पुरेसा पडला नाहीं, हें १९७४ च्या स्त्रियांच्या दर्जाविषयींच्या सरकारी समितीच्या अहवालानें दाखवून दिलें. तेव्हां कोठें सहाव्या योजनेंत, म्हणजे १९८० नंतर, स्त्रिया व विकास असें स्वतंत्र प्रकरण आलें. १९९३ मध्यें ७३ वी घटनादुरुस्ती अमलांत येऊन पंचायतींत स्त्रियांस एक तृतीयांश जागा मिळाल्या; महाराष्ट्रानें २०११ सालीं तें प्रमाण निम्म्यावर नेलें. लोकसभा व विधानसभा यांसाठीं एक तृतीयांश जागांची तरतूद २०२३ सालीं मंजूर झाली.

कायदा झाला, आतां आचार पाहूं. आमच्या राज्यांत ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा भरवावी असा नियम आहे. सेवानिवृत्तीनंतर आम्ही ज्या गांवीं राहावयास आलों, तेथें ही सभा पुष्कळदां शिपायाच्या काखेंत भरते! तो नोंदवही घेऊन घरोघर फिरतो, बायका हात पुसून सही करतात, आणि सभा 'संपन्न' होते.

अशाच एका नोंदवहीच्या बळावर नळयोजनेचा ठराव ग्रामसभेंत आला. पाणी सकाळीं दहा वाजतां सोडावयाचें ठरलें होतें. इतक्यांत मागें बसलेली एक शेतमजूर बाई उठून म्हणाली, "भाऊ, दहाला आम्ही लोकांच्या शेतांत असतों. पाणी भरायचं कुणी?" व्यासपीठावर कोणापाशींही उत्तर नव्हतें. नकाशा, अंदाजपत्रक, टांकीची क्षमता, सर्व चोख होतें. पाणी भरणार कोण, हेंच तेवढें कोणी विचारलें नव्हतें. वेळ सहाची झाली. त्यास एक पैसाही अधिक लागला नाहीं.

यावर आक्षेप असा कीं, निवडून आली बाई तरी कारभार तिचा नवराच पाहतो. कित्येक ठिकाणीं हें खरें आहे. तथापि राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डफ्लो यांनीं पश्चिम बंगाल आणि राजस्थान येथील पंचायतींची पाहणी करून २००४ सालीं दाखविलें कीं, जेथें प्रमुखपद स्त्रीसाठीं राखीव होतें, तेथें पिण्याच्या पाण्याच्या कामांवर अधिक लक्ष दिलें गेलें. आणि स्त्रियांचें गाऱ्हाणेंही मुख्यतः पाण्याचेंच होतें. म्हणजे राखीव जागा केवळ शोभेची ठरत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. गांवच्या राजकारणांत भल्या घरच्यांनीं पडूं नये, हें वाक्य सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. यंदा आमच्या प्रभागाची जागा स्त्रियांसाठीं राखीव झाली, आणि चार मंडळी आमच्या ओसरीवर आली. "मास्तर, सूनबाईंना उभें करा," असें त्यांनीं सांगितलें. आम्ही म्हणालों, "त्या आंत आहेत, त्यांनाच विचारा." सूनबाई बाहेर आल्या, शांतपणें ऐकून घेतलें, आणि एवढेंच म्हणाल्या, "सही माझी आणि बैठक दुसऱ्याची, हें मला जमायचं नाहीं. तें कबूल असेल तर विचार करतें." मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. आमचे चिरंजीवही किंचित् अस्वस्थ झाले, कारण संध्याकाळच्या बैठकी म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक कोणाचा, हा प्रश्न ओघानेंच आला. त्यावर आमच्या घरीं अद्याप चर्चा चालू आहे.

वाचकहो, ती चर्चा क्षुल्लक मानूं नका. एखाद्या बाईनें सभेस जावें कीं न जावें, याचा निकाल राजधानींत लागत नसून तो सहा वाजतां कुकर कोण लावतो यावर लागतो. संसदेनें आपलें काम केलें आहे. उरलेली दुरुस्ती घरोघर व्हावयाची असून, तिला बहुमत मिळवून देणें पुरुषांच्याच हातीं आहे.