अलाबामाचे सहा सेंटिमीटर

प्लॅस्टिकच्या जहाजांच्या किटबद्दल एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. डब्यावर ज्या जहाजाचं नाव असतं तेच जहाज डब्यात असेल असं नाही.

रेव्हेल या अमेरिकन कंपनीने १९६१ च्या सुमारास 'यूएसएस किअरसार्ज'चं १:९६ स्केलचं किट काढलं. मग त्याच सांगाड्यावर डेकवरच्या काही गोष्टी बदलून 'सीएसएस अलाबामा' काढलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे लगेच ओळखू. एका क्लायंटसाठी केलेला प्रोजेक्ट, लोगो बदलून दुसऱ्याला! (डार्विनचं 'बीगल'ही त्यांनी असंच 'बाउंटी'वरून बनवलं होतं.) त्यांचंही फार चुकलं असं मला वाटत नाही. स्टीलचा साचा कोरणं हे या धंद्यातलं सगळ्यात महाग काम, आणि प्लॅस्टिक त्या मानाने फुकट. साचा एकदा बनला की त्यातून जेवढी जहाजं निघतील तेवढी काढायची.

मौज अशी की ही दोन जहाजं एकमेकांची शत्रू होती. अमेरिकन यादवी युद्धात १९ जून १८६४ रोजी फ्रान्समधल्या शेरबुर बंदराबाहेर किअरसार्जने तासाभरात अलाबामाला बुडवलं. म्हणजे शोकेसमध्ये ही दोन्ही किट शेजारी ठेवली तर एकच जहाज स्वतःवरच गोळे झाडतंय असं दृश्य तयार होतं. :)

आता थोडं गणित. अलाबामा २२० फूट लांब होती, किअरसार्ज २०१ फूट. १:९६ मध्ये हा फरक भरतो सहा सेंटिमीटरच्या आसपास. मोजण्याच्या पद्धतींतला फरक धरला तरी एवढा फरक झाकला जात नाही. शिवाय अलाबामा दोनेक फूट अरुंद, म्हणजे मॉडेलवर सहा-सात मिलिमीटर. बर्कनहेडला लेअर्ड कंपनीच्या गोदीत १८६२ मध्ये बांधलेलं, सडपातळ, व्यापारी जहाजांचा पाठलाग करायला काढलेलं जहाज ते. किअरसार्ज रुंद, भरलेल्या अंगाची, सरकारी गोदीतली. पेहेलवानाला धावपटूची बनियन घातली म्हणून काय होतं?

माझ्याकडे अलाबामाचा डबा आला तो ऑनसाइटहून परतलेल्या एका मित्राकडून. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे, सहा सेंटिमीटर. कोणाला कळणार आहे?"

हा प्रश्न मला ऑफिसातही ऐकू येतो, आणि तिथेही माझं डोकं फिरतं.

बरं, सांगाड्याचं सोडा. वाफ आणि शीड दोन्ही असलेल्या जहाजांची खरी गंमत पुढेच आहे. या किटमध्ये शिडं मिळतात ती पातळ प्लॅस्टिकची, साच्यात फुगवलेली. ती सगळी लावायचा मोह कोणालाही होतो. पण अलाबामाचं धुराडं दुर्बिणीसारखं खाली सरकवता येई आणि शिडांवर जाताना तिचा पंखा पाण्यातून वर उचलून घेत, नाहीतर तो ब्रेकसारखा पाणी ओढत राहतो. कोळसा वाचवण्यासाठी कॅप्टन रफाएल सेम्स एरवी शिडांवरच फिरत असे. मॉडेलवर मात्र सगळी शिडं टरारलेली, धुराडं ताठ उभं आणि पंखा खाली, असा सगळा थाट एकत्र दिसतो. दोन्ही एकदम वापरता येत नव्हतं असं नाही, पण मग त्या क्षणी जहाज काय करत होतं, हे मॉडेल करणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. शेरबुरची लढाई वाफेवर झाली. दोन्ही जहाजं गोल गोल फिरत, उजव्या बाजूच्या तोफा डागत होती. तिथे फुगलेल्या शिडांचं काम नाही.

आणि झेंडे! वारा मागून येऊन शिडं पुढे फुगली असतील तर झेंडाही पुढेच फडकणार. मी पाहिलेल्या निम्म्या मॉडेल्सवर झेंडा मोटारसायकलवरच्या झेंड्यासारखा मागे फडफडत असतो. एकाच जहाजावर दोन दिशांचे वारे.

असो. तर मी काय ठरवलं? सांगाडा किअरसार्जचा आहे ना, मग किअरसार्जच करू. डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

खरं सांगायचं तर कारण फक्त सांगाड्याचं नव्हतं. अलाबामाचं आकर्षण मलाही आहे. दोन वर्षांत पासष्टच्या आसपास जहाजं पकडली तिने. जानेवारी १८६४ मध्ये तर ती आपल्या मलबार किनाऱ्यावर होती. मुंबईहून निघालेलं 'एमा जेन' नावाचं अमेरिकन जहाज तिने जाळलं आणि त्यावरच्या लोकांना केरळात अंचुतेंगूला उतरवलं. त्याच युद्धामुळे तेव्हा मुंबईत कापसाचा पैसा धो धो येत होता, हे आपण शाळेत शिकलेलोच. पण वाचता वाचता मला डेव्हिड हेन्री व्हाइट हे नाव भेटलं. डेलावेअरचा कृष्णवर्णीय पोरगा. ऑक्टोबर १८६२ मध्ये अलाबामाने 'टोनावांडा' नावाचं जहाज पकडलं, त्यावर तो होता. सेम्सने त्याला गुलाम म्हणून, शत्रूच्या मालमत्तेसारखा ताब्यात घेतला आणि अधिकाऱ्यांच्या सेवेला लावला. अलाबामा बुडाली तेव्हा तोही बुडाला. त्याला पोहता येत नव्हतं.

किअरसार्जवर दोन नंबरच्या तोफेत दारूगोळा भरणारा जोआकिम पीज हाही कृष्णवर्णीयच. पण पगारी खलाशी. त्या दिवशीच्या कामगिरीसाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं.

या स्केलमध्ये माणूस अठरा मिलिमीटरचा होतो. मी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या दुकानातून १:१०० च्या पांढऱ्या बाहुल्या आणल्या, जवळपास जमतात. मॉडेल्सवर सगळे खलाशी सर्रास एकाच गुलाबी रंगात रंगवलेले असतात. दोऱ्या किती जाड हव्यात यावर तासन्‌तास वाद घालणारी माणसं बाहुल्यांच्या रंगाशी आली की झटकन मोकळी होतात. मी पीजला रंगवायला एक अख्खा रविवार सकाळ घेतला. चेहरा टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा, पण चुकला तर माझं मलाच कळलं असतं.

किअरसार्ज करायची म्हणजे कामंही वाढतात. अकरा इंची डालग्रेन तोफा दोन हव्यात. सोडावॉटरच्या बाटलीसारखा आकार, मॉडेलवर साधारण चार सेंटिमीटर लांबी. जुन्या बॉलपेनच्या नळीवर एम-सील थापून घासतोय. पहिली बरी झाली, दुसरी दुधी भोपळा झालाय.

आणि साखळ्या. १८६३ मध्ये कॅप्टनने इंजिनाच्या बाहेरच्या बाजूंना नांगराच्या साखळ्या उभ्या लटकवून घेतल्या, चिलखतासारख्या, आणि त्यावर फळ्या ठोकून काळा रंग दिला. सेम्सने पुढे यावरून बरीच तक्रार केली, की हे तर वेषांतर केलेलं चिलखती जहाज होतं. तुळशीबागेत इमिटेशनच्या गळ्यातल्याला लावतात तशी बारीक साखळी मिळाली, तिचेच तुकडे चिकटवले. रात्री अकराला फळ्या लावायला घेतल्या तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

"अरे, एवढं केलंस आणि झाकतोयस काय?"

"तेव्हाही झाकलेलंच होतं गं."

"मग साखळी लावलीस कशाला? दिसणार कोणाला?"

तिला काय सांगणार? डाव्या बाजूच्या फळ्या पूर्ण लावल्या. उजव्या बाजूच्या तीन-चार तोडून ठेवल्या, कारण लढाईत गोळे त्याच बाजूला लागले होते. तेवढ्या फटीतून साखळी दिसते. आईला दाखवली, तर म्हणाली, "ही बाजू बरी आहे."

व्हाइटसाठी बाहुली आणलेली आहे. पण त्याची जागा या जहाजावर नाही, आणि ज्या जहाजावर आहे ते मी करत नाहीये. सध्या ती टेबलावर, रंगाच्या बाटल्यांशेजारी, पांढरीच उभी आहे.