लोणचंवाला, हळदवाला आणि पुस्तकवेडी मी

गेल्या गणपतीत आमची लेक पुण्याहून आली ती गाल फुगवूनच. कारण मला ठाऊक होतं. तासगावचं स्थळ! मुलगा शिकलेला, शांत, ठिबक सिंचनाच्या सामानाचं स्वतःचं दुकान. पण बाईसाहेबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "वाचायला काय आवडतं?" आणि तो भाबडा खरं बोलून गेला, की बारावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही. झालं! आमची लेक पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. मला म्हणते, "आई, ज्याच्याशी पुस्तकावर बोलता येत नाही, त्याच्याशी जन्मभर काय हळद-तिखटावर बोलू?"

हळदीचं नाव निघाल्यावर मी गप्प बसले. सांगलीच्या मार्केट यार्डात ह्यांची हळदीची अडत आहे. आमच्या घरची चूल हळदीवरच पेटते.

गौरी-गणपती गेले, भांडीकुंडी आवरली, आणि एका रात्री तिनेच आपल्या लॅपटॉपवर एक इंग्रजी सिनेमा लावला. "बघ आई, पुस्तकाच्या दुकानातल्या बाईची गोष्ट आहे." नाव 'क्रॉसिंग डिलान्सी'. १९८८ सालचा, जोन मिकलिन सिल्व्हर नावाच्या बाईंनी दिग्दर्शित केलेला. इंग्रजी भराभर कळत नाही, पण खाली अक्षरं येत होती, त्यामुळे माझं अडलं नाही.

न्यूयॉर्कमधली ही इझी. तिशी उलटलेली, एकटी राहणारी, पुस्तकाच्या दुकानात नोकरी. मोठमोठे लेखक तिथे येतात, वाचन करतात, आणि ही भारावून जाते. शहराच्या दुसऱ्या टोकाला ज्यूंच्या जुन्या वस्तीत तिची आजी राहते. आजीला नातीच्या लग्नाची काळजी. ती चक्क एका स्थळं जमवणाऱ्या बाईला बोलावते! मला वाटायचं, हे उद्योग आपल्याकडेच चालतात. ती मध्यस्थ बाई आजीच्या स्वयंपाकघरात बसून ताटावर असा काही हात मारते, की मला आमच्या मिरजेच्या एका काकू आठवल्या. आणि स्थळ कुणाचं? पिंपातून काकडीचं लोणचं विकणाऱ्या सॅमचं! इझीच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं, ते बघून मी पदर तोंडाला लावून हसले. लेक म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे?"

आता तिला काय सांगणार? १९९० साली मला बघायला हे आले, तेव्हा मीही धीर करून विचारलं होतं, "आपण काय वाचता?" हे म्हणाले, "बाजारभाव." सगळे हसले. मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

सॅम हाताचा लोणच्याचा वास जावा म्हणून दुधात व्हॅनिला घालून त्यात हात बुडवतो. तेवढ्यावरून मला आठवलं, ह्यांनी त्या दिवशी लिंबाने हात घासून घासून साफ केले होते. नखांच्या कडा तरी पिवळ्या राहिल्याच. तेव्हा मला त्या नखांची लाज वाटली होती. कुणासाठी घासले होते, हे काही मनात आलं नाही.

इझीचं मन मात्र एका लेखकात. तो गोड बोलतो, हिच्याकडे रोखून बघतो. एका संध्याकाळी सॅम आजीकडे वाट बघत असताना ही लेखकाच्या घरी जाते. आणि कळतं काय, की त्याला हवी आहे कामाला मदतनीस! इथे मात्र मला हसू आलं नाही. कॉलेजात आमचे एक प्राध्यापक होते. मला पुस्तकं द्यायचे, माझ्या अक्षराचं कौतुक करायचे. मी काय काय समजून बसले होते! त्यांच्या हस्तलिखिताची दोनशे पानं मी सुट्टीत सुवाच्य करून दिली. पुस्तक छापून आलं. प्रस्तावनेत सगळ्यांचे आभार होते, अगदी बाइंडरचेसुद्धा. माझं नाव नव्हतं. लेकीला हे मी त्या रात्री पहिल्यांदाच सांगितलं. तिने सिनेमा थांबवला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

मग हळूच म्हणाली, "पण आई, बाबा वाचत नाहीत याचं तुला कधी वाईट नाही वाटलं?"

खोटं कशाला बोलू? वाटतं. अजून वाटतं. रात्री अकराला एखादी कादंबरी संपते, छातीत काहीतरी दाटून येतं, आणि शेजारी हे घोरत असतात. तेवढा कोपरा रिकामाच राहिला. सिनेमा दोघांची मनं जुळली की संपतो, त्यामुळे सॅम पुढे कधी पुस्तक वाचतो की नाही, ते आपल्याला कळत नाही. माझा अंदाज, नसेल वाचत.

पण सकाळी पोळ्या लाटताना मी ह्यांना गोष्ट सांगते. हे डबा भरता भरता ऐकतात आणि पात्रांशी गिऱ्हाइकांसारखे भांडतात. "तो दीर लबाड आहे, त्याला उधार देऊ नये." संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी विचारतात, "मग त्या बाईचं पुढं काय झालं?"

आणि २०१९ च्या ऑगस्टातला तो पूर! कृष्णेचं पाणी अंगणात चढलं, तेव्हा मी मुकाट्याने धान्य आणि गाद्या वर नेत होते. हे मात्र हळदीची रिकामी पोती घेऊन माझ्या कपाटापुढे उभे. पुस्तकं भरून जिन्याने वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. कादंबऱ्या नेल्याच, शिवाय रद्दीला काढलेले दिवाळी अंक, लेकीची पाचवीची पुस्तकं, एक जुनं रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा! मी ओरडले, "अहो, हे कशाला?" तर म्हणाले, "मला कुठं कळतंय त्यातलं चांगलं कोणतं? म्हणून सगळंच घेतलं." माझी पुस्तकं अजून पिवळी आहेत. उघडली की हळदीचा वास येतो.

लेक काही बोलली नाही. सिनेमा पुन्हा सुरू केला. आजी कोचावर झोपलेली आणि सॅम अजून थांबलेला, हे बघून तिने नाक ओढलं. मी दुर्लक्ष केलं. मुली मोठ्या झाल्या की अशा वेळी पाणी प्यायला उठावं.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "आई, त्या तासगावच्यांचा नंबर बाबांकडे असेल ना गं?"

"असेल. कशाला हवाय?"

"काही नाही. गच्चीतल्या कुंड्यांना ठिबक बसवायचंय."

तिच्या गच्चीत कुंड्या किती? तुळस धरून तीन.