पाळी सर्वांना सारखी

वाचकहो, पाटाच्या पाण्याची पाळी तुम्हाला काय सांगावी! पाणी कमी आले, तर सगळ्यांनाच कमी, हे आपण सोसतो. पण पाटकऱ्याने एकाला सोडून दुसऱ्याचे अडवले, तर गाव गप्प बसत नाही.

इंटरनेटचेही तसेच आहे. आमच्या नातीचा अभ्यासाचा व्हिडिओ संध्याकाळी अडखळतो. दिवसाचा डेटा संपला किंवा टॉवरवर गर्दी झाली, की सगळेच मंदावते. त्यात पक्षपात नाही. पण कंपनीने मुद्दाम एक संकेतस्थळ अडवून दुसरे पुढे काढले, तर तो अन्याय. पैसे आपण भरतो. काय पाहायचे तेही आपणच ठरवायचे.

फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’मध्ये ठरावीक संकेतस्थळेच फुकट होती. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास बंदी घातली. दंड दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. २०१८ मध्ये अडवणूक आणि मुद्दाम मंद करणे यांनाही कंपन्यांच्या परवान्यातच मनाई झाली.

तेव्हा बाकी सारे नीट चालून एकच संकेतस्थळ रोज अडत असेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. हक्काची पाळी मागून घ्यावी लागते.