दोन अँपिअरचा फ्यूज

मोटारीतला फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. पुढे जोडलेला कॅमेरा किंवा हॉर्न वाचवणे हे त्याचे काम नव्हे. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स बिघडायचे ते बहुधा फ्यूज वितळण्याच्या आधीच बिघडते. बॅटरीत शेकडो अँपिअर देण्याची ताकद असते आणि तार कुठे पत्र्याला टेकली, की ती सगळी ताकद त्या तारेवर कोसळते. तारेचे प्लास्टिक पेटण्याआधी वाटेतला मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा तुटावा, एवढ्यासाठी फ्यूज. त्यामुळे तो निवडताना दोन आकडे लागतात: उपकरण किती प्रवाह घेते आणि तार किती सोसते. फ्यूज या दोहोंच्या मधला हवा.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीत बसवलेला डॅशकॅम ५ व्होल्टवर जास्तीत जास्त २ अँपिअर घेणारा, म्हणजे १० वॅटचा होता. त्याच्या किटमधली डबी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करते. डबीतली थोडी गळती धरली तरी १२ व्होल्टच्या बाजूला हा प्रवाह जेमतेम १ अँपिअर भरतो. मल्टिमीटर ओळीत जोडून पाहिल्यावर तो प्रत्यक्षात अर्ध्याच्याच आसपास निघाला. फ्यूज सतत त्याच्या मर्यादेच्या काठावर चालवू नये, पाऊण हिश्शापर्यंतच वापरावा, असा संकेत आहे. शिवाय चालू होताना उपकरण क्षणभर जास्त प्रवाह ओढते. म्हणून किटसोबत २ अँपिअरचा फ्यूज आलेला होता, आणि तो बरोबर होता.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांच्या एका प्रवासानंतर तो उडाला. नवा घातला, तोही चार दिवसांत उडाला. अॅक्सेसरीच्या दुकानातल्या फिटरने मग पेटीतून १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून बसवला आणि ‘आता नाही उडणार’ अशी हमी दिली. हमी खरी ठरली. आठवड्याभराने डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला, कॅमेरा मात्र चालूच होता. खालचे पॅनेल उघडल्यावर कारण दिसले. वाढवून ओढलेली बारीक तार स्टिअरिंगखालच्या लोखंडी पट्टीच्या धारेवर घासत होती. आवरण सोलले गेले होते आणि उघडे तांबे धक्क्याधक्क्याला पट्टीला चाटत होते. पुढेमागे वीतभर प्लास्टिक तपकिरी होऊन ताठरले होते. आधीचे दोन फ्यूज नेमके हेच सांगत होते, पण उडालेल्या फ्यूजलाच दोषी धरायची आपल्याकडची सवय जुनी.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. ती तार सुमारे ०.३३ चौरस मिलिमीटरची होती. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०५ ओहम असतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ अँपिअरला मीटरमागे ०.०५ वॅट, म्हणजे हाताला कळणारही नाही इतकी. १५ अँपिअरला ती २२५ पट, सुमारे ११ वॅट होते, आणि तीही फोम व प्लास्टिकच्या मागे कोंडलेली. तार पत्र्याला पक्की चिकटली असती तर १५ चा फ्यूजसुद्धा क्षणात उडाला असता. पण चाटणारा, अर्धवट स्पर्श तेवढा प्रवाह घेत नाही. त्यातच पात्याचा फ्यूज आकड्याला पोहोचताच उडत नाही: आकड्याच्या ११० टक्के प्रवाह तो तासन्‌तास सोसतो, १३५ टक्क्यांवर १० मिनिटांपर्यंत तग धरू शकतो आणि दुप्पट प्रवाहावर ५ सेकंदांच्या आत वितळतो. म्हणजे तारेला १५ अँपिअरपेक्षाही जास्त सोसावे लागू शकते.

पात्याचे हे फ्यूज अमेरिकेतल्या लिटेलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये आणले. जुन्या पद्मिनी मोटारीत चिनी मातीचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असत. पात्याच्या फ्यूजचा रंगच आकडा सांगतो: २ राखाडी, ३ जांभळा, ५ फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. आकार मात्र नेहमीचा, मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो असे वेगवेगळे. नव्या उपकरणासाठी वीज घ्यायला फ्यूजच्या खाचेत जो जोड बसवतात तो टॅप. एका आकाराचा टॅप दुसऱ्या खाचेत कोंबल्यास खाच फाकते आणि सैल जोड स्वतःच तापू लागतो.

टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात. एक गाडीच्या मूळ मंडळाचा, त्याच्या मूळ आकड्याचा. दुसरा नव्या तारेचा. टॅपच्या दोन पायांपैकी एकच पाय दोन्ही फ्यूजना वीज देतो आणि तोच खाचेच्या बॅटरीकडच्या टोकात जायला हवा. उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण नव्या उपकरणाचा प्रवाह आधी जुन्या फ्यूजमधून जातो आणि त्याच्यावर दुहेरी भार पडतो. फ्यूज काढून, किल्ली फिरवून टेस्ट लॅम्पने कुठल्या टोकाला वीज आहे ते पाहण्यात अर्धे मिनिट जाते. टॅपसाठी पॉवर सॉकेटचा फ्यूज सोयीचा. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचे ईसीयू आणि ब्रेकचे दिवे यांच्या फ्यूजना हात लावायचा नाही.

पार्किंगमध्येही चित्रण हवे असेल, तर किटची पिवळी तार कायम वीज असलेल्या फ्यूजवर जाते आणि तिलाही स्वतंत्र २ अँपिअरचा फ्यूज लागतो. फ्यूज वीज घेतल्या जागेच्या जितका जवळ तितका बरा. त्याच्या आधीच्या नव्या तारेला त्याचे संरक्षण नसते. काळी तार बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टखाली कसायची.

लेखकाच्या गाडीत ती तार बदलून नवी कापडी टेपमध्ये गुंडाळली, लोखंडी पट्टीपासून दूर बांधली आणि पुन्हा २ अँपिअरचा फ्यूज घातला. जादा दोन राखाडी फ्यूज बॉक्सच्या झाकणात ठेवले होते. दोन पावसाळे झाले, ते अजून तिथेच आहेत.